सुरतेची हुंडी आणि घरचा धनादेश

(सुरतनिवासी महाजन कुटुंबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘महाजन’ हा शब्द ज्या ज्या प्रांतात रुजला, तेथे तेथे त्याने थोडा निराळा वेष धारण केला. गोमंतकात देवस्थानाची व्यवस्था ज्या कुळांकडे वंशपरंपरेने आली, ती कुळे महाजन म्हणून ओळखली जातात. महाराष्ट्रातील जुन्या पेठांतून शेटे-महाजन हे वतनदार असत व पेठेच्या वहिवाटीवर त्यांची देखरेख असे. गुजरातेत तर व्यापाऱ्यांच्या संघालाच महाजन म्हणत आले आहेत. वेष तीन असले तरी त्यांच्या मुळाशी असलेली अपेक्षा एकच आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे द्रव्य निःशंकपणे ठेवता येते आणि ज्याच्यापाशी त्या द्रव्याचा हिशेब केव्हाही मागता येतो, तो महाजन. यातील पहिला भाग विश्वासाचा आणि दुसरा नोंदीचा. दोहोंपैकी एकाची उणीव पडली की महाजनपणही उणे होते.

बँकेतील खाते आणि धनादेश हा आजचा विषय वरवर पाहता रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या नगरीत तो मांडला जात आहे, तिचा इतिहास ध्यानात घेतला तर या विषयाला याहून योग्य भूमी सापडणार नाही.

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. लाहोर, आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा आणि ढाका येथून माल येथे येई, जहाजात चढे आणि त्याची किंमत पुन्हा त्या त्या शहरी पोहोचती करावी लागे. एवढी रोकड बैलगाडीतून नेणे म्हणजे चोर-दरवडेखोरांना आमंत्रणच. म्हणून पैसा जाग्यावर राही आणि त्याच्याऐवजी कागद प्रवास करी. तो कागद म्हणजे हुंडी. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात निरनिराळ्या शहरांहून सुरतेवर लिहिल्या जाणाऱ्या हुंड्यांचे दर नोंदवून ठेवले आहेत. अहमदाबादेहून हा दर शेकडा एक ते दीड, लाहोरहून शेकडा सव्वासहापर्यंत, तर ढाक्याहून शेकडा दहापर्यंत जाई. जितके अंतर व जितकी जोखीम अधिक, तितका दर अधिक, असा तो सरळ हिशेब होता. पुढे अठराव्या शतकात अर्जुनजी नाथजी त्रवाडी व आत्माराम भूखण यांच्या सुरती पेढ्यांची पत एवढी वाढली की, बंगालमधील पैसा मुंबईकडे आणण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीलाही अशा सराफांच्या हुंड्यांवर विसंबावे लागले.

घरात साठवलेले धन आणि पतीच्या रूपाने पसरलेले धन यांतील फरकही या नगरीने पाहिला आहे. जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या या बंदरावर स्वारी केली. पहिल्या स्वारीत वीरजी व्होरा या त्या काळच्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्याच्या वाड्यातील द्रव्य गेले. तथापि त्यांचा व्यापार तेवढ्याने बुडाला नाही. त्यांचे धन एकाच वाड्यात नव्हते. निरनिराळ्या शहरांतील मालात, वखारींत व लोकांकडील येण्यात ते विभागलेले होते.

या सर्व व्यवहाराविषयी एक समजूत मात्र सर्वत्र आढळते. पूर्वी सगळे काही केवळ शब्दावर चाले, कागदाची मातब्बरी नव्हती, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. शब्दाला किंमत होती हे निर्विवाद. पण तो शब्द किती काळजीने कागदावर उतरवला जाई, हे पाहिले म्हणजे जुन्या सराफांविषयीचा आदर दुणावतो.

हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. एक हजाराची हुंडी असेल तर रुपये एक हजार, ज्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरी, अशा आशयाने तीच रक्कम पुन्हा पुन्हा लिहिली जाई. हजाराचे दोन हजार करू पाहणाऱ्याला केवळ एक आकडा बदलून चालत नसे. सारा मजकूरच खोटा करावा लागे. दुसरी खबरदारी पैसे घेणाऱ्याविषयीची. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आगंतुकास मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहाच्या हातूनच ती वटवावी लागे. पुढे काही लबाडी उघडकीस आली तर पैसे कोणामार्फत गेले याचा माग लागावा, हा त्यातील हेतू. तिसरी खबरदारी हरवण्याविषयीची. हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजी ‘पैठ’ लिहिली जाई, तीही गहाळ झाली तर ‘परपैठ’. आणि एकाच रकमेचे पैसे दोनदा दिले जाऊ नयेत म्हणून हे आधीचे कागद गहाळ झाल्याचा उल्लेख त्यात असे. शेवटची खबरदारी म्हणजे पैसे चुकते झालेली हुंडी ‘खोखा’ ठरे आणि पुरावा म्हणून जपून ठेवली जाई. नरसी मेहतांची हुंडी सावळशा शेठने वटवली, ही कथा भक्तीच्या प्रांतातील आहे आणि तेथे ती शोभते. व्यवहाराच्या प्रांतात मात्र सावळशाच्या नावावर विसंबून सुरतेच्या कोणत्याही पेढीने आपली वही कोरी ठेवली नाही.

मराठी भाषेने या नात्याची खूण आजही जपली आहे. हुंडी ‘वटे’, तसाच धनादेशही ‘वटतो’. क्रियापद एकच, कारण क्रिया एकच. धनादेश म्हणजे खातेदाराने आपल्या बँकेला दिलेली लेखी आज्ञा : माझ्या खात्यातून अमुक व्यक्तीस अमुक रक्कम द्यावी. १८८१ साली संमत झालेल्या व १ मार्च १८८२ पासून अमलात आलेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाने या आज्ञेला कायद्याचे रूप दिले. देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रिवाजांना बाधा येऊ नये, अशी तरतूद त्याच कायद्याच्या आरंभी आहे, ही गोष्ट सुरतकरांना समाधान देणारी आहे.

बँका पुढे आल्या तेव्हा या भागात गुजराती पत व मराठी दूरदृष्टी यांचा संगमही घडला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या पुढाकाराने १९०८ साली बडोद्यात बँक ऑफ बडोदा निघाली. १९२२ साली सुरतेत सुरत पीपल्स को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन झाली. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर बँकेचा दरवाजा पेढीवाल्यांपुरता न राहता नोकरदार, कारागीर व गृहिणी यांनाही उघडला गेला.

आता खाते उघडण्याविषयी. पूर्वी नवे खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. आज तिची जागा ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र व पॅन यांनी घेतली आहे. या साध्या बाबीत सुरतेतील मराठी कुटुंबांची वारंवार अडचण होते ती नावाची. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. एका ठिकाणी वडिलांचे वा पतीचे नाव पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी केवळ आद्याक्षर. विवाहानंतर बदललेले नाव एकाच कागदावर आलेले. गावच्या कागदपत्रांतील आडनावाचे इंग्रजी वर्ण निराळे आणि येथील निराळे. धडधाकट माणूस हयात असतो तोवर हे अंतर समजावून सांगता येते. तो गेल्यावर मात्र एका अक्षराच्या फरकासाठी वारसांना प्रतिज्ञापत्रे करीत हिंडावे लागते. म्हणून सर्व कागदांवरील नाव एकसारखे करून घेणे, हे खाते उघडण्यापूर्वीचे पहिले काम होय.

खाते बचतीचे असावे की चालू, हे त्याच्या उपयोगावर ठरते. घरखर्च व पगार यांसाठी बचत खाते. दुकान वा धंद्यासाठी, जेथे दिवसाकाठी अनेक देवघेवी होतात तेथे चालू खाते, ज्यावर व्याज मिळत नाही. किमान शिल्लक किती राखावी लागेल, ती न राहिल्यास आकार किती पडेल, हे सही करण्यापूर्वी विचारावे. ज्यांना किमान शिलकीचे ओझे नको त्यांच्यासाठी मूलभूत बचत खात्याची सोय बँकांमध्ये आहे. नमुना सही कोणत्याही लिपीत करता येते. मराठी सही करण्यात कमीपणा नाही. मात्र जी सही खात्यावर दिली तीच धनादेशावर यावयास हवी. वयोमानाने हात थरथरू लागून सही बदलली असेल तर बँकेत जाऊन नवी नमुना सही द्यावी. सही जुळत नाही म्हणून परत आलेला धनादेश हा ज्येष्ठांच्या मनाला फार लागतो आणि तो टाळता येण्याजोगा असतो.

याहून महत्त्वाची बाब नामनिर्देशनाची. एखाद्या घरातील कर्ता पुरुष अकस्मात जातो. खात्यात पैसे असतात, मुदतठेव असते, पण खाते त्याच्या एकट्याच्या नावे असते आणि नामनिर्देशनाचा रकाना कोरा असतो. दिवसकार्याच्या खर्चासाठी त्याच्या पत्नीला दिराकडे वा शेजाऱ्याकडे हात पसरावा लागतो, आणि तिचेच पैसे तिच्यापासून चार फर्लांगांवर बँकेत पडून राहतात. अशी घरे प्रत्येक ज्ञातीत, प्रत्येक गल्लीत आहेत. १९८३ च्या दुरुस्तीने बँक-ठेवींवर नामनिर्देशनाची सोय झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. पतिपत्नीचे संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’ या पद्धतीने ठेवले तर एकाच्या पश्चात दुसऱ्याचा व्यवहार अडत नाही. येथे एक भेद स्पष्ट असावा. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून पैसे घेण्यास पात्र असते. ती त्या पैशाची मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केले आहे. ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते, म्हणून नामनिर्देशन केले तरी मृत्युपत्राची आवश्यकता संपत नाही.

खाते उघडून विसरून जाणे हाही एक दोषच. दोन वर्षे खातेदाराने स्वतः कोणतीही देवघेव केली नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे जाते. तेथूनही ती वारसांना मागता येते, आणि २०२३ साली सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अशा विस्मृत ठेवींचा शोध घेता येतो. मुंबई, गोवा वा बेळगाव सोडून सुरतेस आलेल्या कुटुंबांनी आजोबा-पणजोबांच्या नावाने तेथे एकदा शोध घ्यावा.

आता प्रत्यक्ष धनादेश. तो लिहिताना जुन्या सराफाची दृष्टी ठेवली म्हणजे बहुतेक नियम आपोआप समजतात. ज्यास पैसे द्यावयाचे त्याचे नाव पूर्ण व स्पष्ट लिहावे; ओळीच्या अगदी आरंभापासून लिहावे, म्हणजे आधी काही घुसडता येत नाही, आणि उरलेल्या जागेत रेघ ओढावी. रक्कम अक्षरांत लिहून शेवटी ‘फक्त’ हा शब्द घालावा. आकड्यांत लिहिताना रुपयाच्या चिन्हाला चिकटून पहिला आकडा मांडावा. अक्षरांतील व आकड्यांतील रक्कम भिन्न असेल तर कायद्याने अक्षरांतील रक्कम खरी धरली जाते. प्रत्यक्षात मात्र अशा गफलतीमुळे धनादेश परत येण्याचाच संभव अधिक. हुंडीतील ‘निमे’ आणि ‘दुप्पट’ यांचे काम येथे अक्षरे व ‘फक्त’ करतात, हे ध्यानात घ्यावे.

शाहजोगाचे काम करतात धनादेशाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील दोन तिरप्या समांतर रेघा. त्या ओढल्या की पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत. ते कोणत्यातरी बँकेतील खात्यातूनच जावे लागतात. त्या रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ असे लिहिले की ज्याचे नाव धनादेशावर आहे त्याच्याच खात्यात ते जमा होतात. छापील नमुन्यातील ‘अथवा धारकास’ या अर्थाचा शब्द खोडावा, अन्यथा ज्याच्या हाती कागद तो धनी, अशी स्थिती होते. वाटेत हरवलेला अरेखांकित धारक-धनादेश आणि रस्त्यावर पडलेली नोट यांत फारसा भेद उरत नाही.

धनादेशावर खाडाखोड करू नये. धनादेश एका शाखेतून दुसऱ्या शाखेत प्रत्यक्ष जाण्याऐवजी आता त्याची केवळ प्रतिमा जाते. या पद्धतीत तारखेखेरीज अन्य दुरुस्ती सहीनिशी केली तरी ग्राह्य धरली जात नाही. चूक झाली की तो फाडून नवा लिहावा व रद्द केलेल्याचा क्रमांक टिपून ठेवावा. तळाशी असलेल्या पांढऱ्या पट्टीवर काहीही लिहू नये, शिक्का मारू नये, तेथे घडी वा टाचणी पडू देऊ नये. यंत्र वाचते ते तेथील अंक. त्यांतील पहिला सहा अंकांचा गट हा धनादेशाचा क्रमांक. त्यानंतरच्या नऊ अंकी संकेतांकाचे पहिले तीन अंक शहर दर्शवतात. सुरतेच्या शाखांचे ते ३९५ असतात, जे या शहराच्या पिनकोडाच्या आरंभीही आहेत.

धनादेशाची मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती; १ एप्रिल २०१२ पासून ती त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांची झाली. १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार व त्याहून अधिक रकमेच्या धनादेशांसाठी अशी सोय आहे की, धनादेश दिल्यावर त्याचा क्रमांक, तारीख, नाव व रक्कम खातेदाराने बँकेस आधीच कळवावी आणि बँकेने ती ताडून पाहावी. पाच लाख व त्याहून अधिक रकमेसाठी बँका ही पद्धत सक्तीची करू शकतात. जुन्या पेढीवर मोठी हुंडी पाठवताना सोबत निराळे सूचनापत्र जात असे. ही तीच पद्धत नव्या वेषात परत आली आहे. तसेच ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांचे समाशोधन दिवसभर अखंड चालते, त्यामुळे सकाळी भरलेला धनादेश त्याच दिवशी खात्यावर येऊ शकतो. ‘आज देऊ, पैसे परवा भरू’ ही सवय पूर्वीही अयोग्य होती. आता ती धोक्याची झाली आहे.

सुरतेच्या कापडबाजारात पुढील तारखेचे धनादेश देण्याघेण्याचा प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. तो धनादेश म्हणजे वचन आहे, हे देणाऱ्याने विसरू नये. १ एप्रिल १९८९ पासून अमलात आलेल्या कलम १३८ प्रमाणे, कायदेशीर देण्यापोटी दिलेला धनादेश अपुऱ्या शिलकीमुळे न वटणे हा गुन्हा आहे. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत घेणाऱ्याने लेखी सूचना द्यावी लागते. सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत देणाऱ्याने पैसे चुकते केले तर प्रकरण तेथेच मिटते. न केल्यास पुढील एका महिन्यात फिर्याद करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, अथवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. यातील प्रत्येक मुदत काटेकोर आहे. समोरचा माणूस ओळखीचा आहे म्हणून भिडेखातर दिवस घालवणारा घेणेकरी पुष्कळदा आपला हक्कच गमावून बसतो. देवकार्यासाठी स्वेच्छेने दिलेली देणगी हे कायद्याचे देणे नव्हे, म्हणून देणगीचा धनादेश न वटल्यास हे कलम लागू पडत नाही. तेथे राहतो तो केवळ देणाऱ्याच्या शब्दाचा प्रश्न.

पुढील तारखेच्या धनादेशाहून शतपटीने घातक आहे तो सही केलेला कोरा धनादेश. उसनवारीच्या वेळी ‘नुसता तारण म्हणून’ तो मागितला जातो आणि नात्यागोत्यात नाही म्हणवत नाही. कायदा या बाबतीत कठोर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असे म्हटले आहे की, कोणी स्वखुशीने सही करून कोरा धनादेश दिला आणि पुढे तो दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटी दिलेला आहे असेच गृहीत धरले जाईल; उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्याची. ज्या सराफाने आपल्या सख्ख्या आडत्याला लिहितानाही रक्कम चार वेळा मांडली, त्याने कोऱ्या हुंडीवर सही केली असती काय, हा प्रश्न अशा वेळी स्वतःस विचारावा.

हाच प्रश्न देवस्थानाच्या खात्यासंबंधी अधिक तीव्रतेने उभा राहतो, आणि या सभेत तो टाळता येणार नाही. महाजन कुटुंबे आज अनेक शहरांत विखुरलेली आहेत. समितीचे अध्यक्ष एका गावी, कोषाध्यक्ष दुसऱ्या गावी, उत्सव तिसऱ्या ठिकाणी. दोन सह्यांचा नियम कागदावर असतो. सोयीसाठी मात्र एकजण धनादेश-पुस्तकाच्या पाच-दहा पानांवर आधीच सह्या करून ठेवतो. हे करणारा माणूस अप्रामाणिक नसतो. बहुधा तो समितीतील सर्वांत सरळ मनाचा गृहस्थ असतो आणि सहकाऱ्यावर अविश्वास दाखवणे त्याला अशिष्टपणाचे वाटते. परंतु दोन सह्यांचा नियम अविश्वासातून जन्मलेला नाही. कोषाध्यक्षावर उद्या कोणी बोट दाखवले तर त्याच्या बाजूने उभी राहणारी साक्ष म्हणजे ती दुसरी सही. ती आधीच करून ठेवली की कोषाध्यक्षाचे ते संरक्षणच काढून घेतले जाते. संशय खरा असो वा खोटा, पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध त्यात होरपळतात आणि देवाच्या दारी दोन तट पडतात. हे नुकसान पैशाच्या नुकसानापेक्षा मोठे असते.

म्हणून संस्थेच्या खात्याचे काही नियम अढळ असावेत. सह्यांचे अधिकार सभेच्या ठरावाने द्यावेत व समिती बदलली की त्याच आठवड्यात नवा ठराव बँकेत पोहोचवावा. निवृत्त वा दिवंगत पदाधिकाऱ्याची सही खात्यावर राहू देऊ नये. सही करणाऱ्याने पावती अथवा बिल समोर असल्याखेरीज सही करू नये. धनादेश-पुस्तक व शिक्का एकाच कपाटात ठेवू नयेत. दरमहा बँकेचा उतारा व संस्थेचा रोजमेळ ताडून पाहावा, आणि हे काम धनादेश लिहिणाऱ्याने न करता दुसऱ्याने करावे. उत्सवात जमलेली रोकड मोजून दुसऱ्या दिवशी खात्यात भरावी. तिच्यातून परस्पर खर्च करू नये. मोठी देणगी धनादेशाने वा बँकेमार्फत घ्यावी. २०१७ पासून दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणाऱ्यास प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हेही त्यास सांगावे.

संस्थेचा पैसा कोठे ठेवावा यासंबंधी कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याप्रमाणे तात्काळ खर्चास न लागणारी रक्कम अनुसूचित बँक, डाकघर बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक अथवा सरकारी रोखे यांतच ठेवावी लागते. गोव्यातील देवस्थानांवर १९३३ च्या देवस्थान नियमनानुसार मामलेदारांची देखरेख असते. कोणा महाजनाच्या पेढीत, तो कितीही पतीचा असला तरी, देवाची रक्कम व्याजाने ठेवण्याचे दिवस गेले.

बँकही बुडू शकते, याची जाणीव ठेवावी. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेव-विम्याची योजना सुरू झाली. आरंभी संरक्षण होते दर ठेवीदारास अवघे १,५०० रुपयांचे. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली आणि तिच्यात ठेवी असलेल्या गुजरातेतील इतर सहकारी बँकांनाही त्याची झळ बसली. ४ फेब्रुवारी २०२० पासून हे संरक्षण दर ठेवीदारास, दर बँकेमागे, व्याज धरून पाच लाख रुपये झाले आहे. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी यासाठी एकत्र मोजल्या जातात. अर्ध्या-पाऊण टक्का अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी एकाच लहान बँकेत ठेवणाऱ्याने वीरजी व्होरांची गोष्ट आठवावी.

कागद जपण्याविषयी सुरतकरांना निराळे सांगावयास नको. ऑगस्ट १९६८ आणि ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरील कपाटांतील कागदपत्रे वाचली नाहीत. पासबुक भिजले म्हणून पैसे जात नाहीत, कारण मूळ नोंद बँकेत असते; परंतु खाते कोणत्या बँकेत आहे हेच घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल तर ती नोंद असून नसल्यासारखी. यास्तव सर्व खात्यांची, ठेवींची व विम्यांची यादी करून ती पतिपत्नी दोघांना ठाऊक असावी व तिची एक प्रत परगावच्या विश्वासू आप्ताकडे असावी. या यादीत गुप्त संकेतशब्द मात्र लिहू नयेत.

धनादेश-पुस्तक हाती येताच त्याची पाने मोजावीत. प्रत्येक धनादेश देताना स्थळप्रतीवर तारीख, नाव, रक्कम व कारण लिहावे. तीच घरची खातेवही. धनादेश हरवला तर क्रमांक कळवून तो थांबवण्याची लेखी सूचना बँकेस तात्काळ द्यावी. जुन्या पैठ-परपैठीचे हे आजचे रूप. मात्र वाजवी देणे टाळण्यासाठी धनादेश थांबवल्याने देणे संपत नाही, आणि कलम १३८ पासूनही सुटका होत नाही.

आज चोर घरात शिरत नाही. तो दूरध्वनीवरून बोलतो. बँकेतून बोलतो असे सांगून तो खाते बंद पडण्याची भीती घालतो आणि भ्रमणध्वनीवर आलेले अंक विचारतो. कोणतीही बँक हे अंक विचारत नाही. ते सांगणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून अनोळखी माणसाच्या हाती देणे. असे काही घडलेच तर लाजेखातर गप्प न बसता तत्क्षणी बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या आदेशाप्रमाणे, खातेदाराचा दोष नसताना त्रयस्थाकडून झालेली लबाडी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याचा भुर्दंड खातेदारावर पडत नाही. विलंबाने जबाबदारी वाढते.

सारांश, सुरतेच्या सराफांनी विश्वास आणि नोंद यांना कधी परस्परांचे शत्रू मानले नाही. विश्वास होता म्हणून हुंडी लिहिली गेली, आणि तो टिकावा म्हणून ती काळजीने लिहिली गेली. ज्येष्ठांनी पुढील पिढीला ठेवी द्याव्यातच; त्यांच्यासोबत त्या ठेवींची स्वच्छ नोंदही द्यावी. घरी गेल्यावर आज प्रत्येकाने दोन गोष्टी पाहाव्यात : आपल्या प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन झाले आहे की नाही, आणि आपल्या सहीचा एखादा कोरा धनादेश कोणाच्या कपाटात पडून आहे की काय. पहिली उणीव उद्याच बँकेत जाऊन भरून काढावी. दुसरी आढळल्यास तो कागद सन्मानाने परत मागावा. मागणाऱ्याने संकोच करू नये आणि देणाऱ्याने राग मानू नये. महाजनांच्या घरी हिशेब मागणे हा कधीच अपमान नव्हता.